प्रतिबिंबित हार्ड डिस्क (घरगुती नेटवर्क साठवण)

प्रतिबिंबित हार्ड डिस्क ही संगणकीय विदा दोन किंवा अधिक हार्ड डिस्कवर एकाच वेळी तंतोतंत सारखी लिहून ठेवण्याची रचना आहे. या रचनेतील एक डिस्क निकामी झाली तरी दुसरीवरील विदा शाबूत राहते आणि काम न थांबता चालू राहते. तांत्रिक परिभाषेत या रचनेला रेड १ म्हणतात. घरातील सर्व संगणक व मोबाइल यांना सामायिक असणाऱ्या नेटवर्क साठवण सर्व्हरमध्ये, म्हणजेच नॅस या यंत्रामध्ये, दोन डिस्कची प्रतिबिंबित जोडी ही सर्वांत सोपी व सर्वाधिक प्रचलित मांडणी मानली जाते.

प्रतिबिंबन डिस्कच्या यांत्रिक बिघाडापासून संरक्षण देते. चुकीने पुसलेली संचिका, घातक आज्ञावली, चोरी, आग किंवा पूर यांपासून ते संरक्षण देत नाही, कारण दोन्ही डिस्क एकाच पेटीत, एकाच घरात आणि एकाच आज्ञेखाली असतात. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांसारख्या पूरप्रवण व दरडप्रवण प्रदेशात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

## संज्ञा

‘रेड’ हे एका इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप आहे. त्याचा मूळ अर्थ ‘स्वस्त डिस्कचा अतिरिक्ततायुक्त संच’ असा होता. पुढे ‘स्वस्त’ या शब्दाच्या जागी ‘स्वतंत्र’ हा शब्द रूढ झाला. रेडचे निरनिराळे प्रकार क्रमांकांनी ओळखले जातात. रेड ० मध्ये विदा तुकड्यांत विभागून दोन डिस्कवर पसरवली जाते. त्यामुळे वेग वाढतो, परंतु एक डिस्क गेल्यास सर्व विदा जाते. रेड १ मध्ये प्रत्येक डिस्कवर संपूर्ण प्रत असते. रेड ५ मध्ये किमान तीन डिस्क लागतात व पडताळणीची विदा सर्व डिस्कवर वाटलेली असते.

‘नॅस’ हे नेटवर्कला जोडलेल्या साठवण यंत्राचे संक्षिप्त नाव आहे. मराठीत त्यास ‘साठवण सर्व्हर’ असेही म्हटले जाते.

## इतिहास

हार्ड डिस्कचा व्यापारी वापर १९५६ साली आयबीएम कंपनीच्या रॅमॅक या संगणकाबरोबर सुरू झाला. त्यातील साठवण यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. आज एका मोबाइलमधील एखादे छायाचित्रही जवळजवळ तेवढी जागा व्यापते.

एकच विदा दोन डिस्कवर ठेवण्याची कल्पना रेड या नावापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील टँडम कंपनीने १९७० च्या दशकात बँकांसारख्या अखंड चालणाऱ्या कामकाजासाठी जे संगणक बनवले, त्यांत डिस्कच्या प्रतिबिंबित जोड्या वापरल्या जात. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात या सर्व मांडण्यांचे पद्धतशीर वर्गीकरण केले. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक लहान स्वस्त डिस्क एकत्र वापरता येतील, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. त्या वर्गीकरणात प्रतिबिंबनाला पहिला क्रमांक मिळाला.

पुढील काळात हे तंत्र मोठ्या कार्यालयांतून घरांपर्यंत आले. लिनक्स प्रणालीत वेगळ्या यंत्रभागाशिवाय, केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने प्रतिबिंबन करण्याची सोय झाली. २००५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने झेडएफएस ही संचिका-प्रणाली मुक्त स्रोत म्हणून खुली केली. त्याच वर्षी घरगुती साठवण सर्व्हरसाठी फ्रीनॅस हा मुक्त प्रकल्प सुरू झाला. तो आज ट्रूनॅस या नावाने ओळखला जातो. सिनॉलॉजी व क्यूनॅप या तैवानी कंपन्यांनी दोन डिस्कची तयार पेटी घरगुती ग्राहकांपर्यंत पोहोचवली.

## कार्यपद्धती

प्रतिबिंबित जोडीत लिहिण्याची प्रत्येक आज्ञा दोन्ही डिस्ककडे जाते. दोहोंवर लेखन पूर्ण झाल्यावरच ते पूर्ण झाले असे धरले जाते. म्हणून लिहिण्याचा वेग जोडीतील संथ डिस्कइतकाच राहतो. वाचताना मात्र कोणत्याही डिस्ककडून विदा घेता येते. त्यामुळे एकाच वेळी अनेक जण वाचत असतील तर वेग काहीसा वाढू शकतो.

जोडीची वापरता येणारी क्षमता ही तिच्यातील लहान डिस्कच्या क्षमतेइतकी असते. ४ टेराबाइटच्या दोन डिस्क जोडल्यास ४ टेराबाइट एवढीच जागा मिळते. ४ व ६ टेराबाइटच्या डिस्क जोडल्या तरी जागा ४ टेराबाइटच राहते. विकत घेतलेल्या डिस्कवर ‘४ टेराबाइट’ असे छापलेले असूनही काही संगणकांवर ३.६४ हा आकडा दिसतो. उत्पादक दशमान पद्धतीने, तर त्या प्रणाली द्विमान पद्धतीने मोजतात, एवढाच त्याचा अर्थ असतो.

साध्या प्रतिबिंबनात एक उणीव राहते. दोन डिस्कवरील मजकूर काही कारणाने वेगवेगळा झाला, तर फरक आहे हे कळते, परंतु खरी प्रत कोणती हे कळत नाही. झेडएफएस व बीटीआरएफएस या संचिका-प्रणाली प्रत्येक विदाखंडाबरोबर त्याची पडताळणी-संख्या साठवतात. वाचताना ती संख्या जुळली नाही, तर दुसऱ्या डिस्कवरील जुळणारी प्रत वापरून बिघडलेली प्रत आपोआप दुरुस्त केली जाते.

## घरगुती सर्व्हरची उभारणी

### यंत्र

घरगुती सर्व्हर दोन प्रकारे उभारता येतो. पहिल्या प्रकारात दोन डिस्क बसणारी तयार पेटी विकत घेतली जाते व तिच्यातील आज्ञावली वेब ब्राउझरमधून चालवली जाते. दुसऱ्या प्रकारात जुन्या संगणकावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्टसारखी मुक्त प्रणाली बसवली जाते. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, परंतु त्यात विजेचा खर्च अधिक असतो आणि देखभाल करणारी जाणकार व्यक्ती घरात असावी लागते. यूएसबीने जोडलेल्या बाहेरील डिस्कची प्रतिबिंबित जोडी करणे टाळले जाते, कारण वायर सैल झाली तरी प्रणाली ती डिस्क निकामी झाली असे समजते.

सर्व्हर राउटरला शक्यतो वायरने जोडला जातो. एक गिगाबिट क्षमतेच्या नेटवर्कवर सेकंदाला सैद्धांतिक १२५ मेगाबाइट, प्रत्यक्षात सुमारे ११० मेगाबाइट एवढा वेग मिळतो. घरातील छायाचित्रे, चित्रफिती व कागदपत्रांसाठी तो पुरेसा असतो.

### डिस्कची निवड

अखंड चालणाऱ्या सर्व्हरसाठी त्याच हेतूने बनवलेल्या डिस्क घेतल्या जातात. काही डिस्कमध्ये लेखनाच्या पट्ट्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. अशा डिस्कवर मधली पट्टी बदलायची तर शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. त्यामुळे पुनर्बांधणीला फार वेळ लागतो आणि प्रतिबिंबित जोडीसाठी त्या अयोग्य समजल्या जातात.

दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच उत्पादन-गटातील घेतल्यास त्यांच्यात एकच दोष असण्याची आणि त्या जवळपास एकाच सुमारास निकामी होण्याची शक्यता वाढते. म्हणून वेगळ्या गटांतील किंवा वेगळ्या कंपन्यांच्या, परंतु समान क्षमतेच्या डिस्क घेण्याची शिफारस केली जाते.

### मांडणीचे टप्पे

१. पूर्वचाचणी. नव्या डिस्कची संपूर्ण वाचन-चाचणी घेतली जाते. मोठ्या डिस्कला यासाठी कित्येक तास लागतात.

२. अनुक्रमांकाची नोंद. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक व पेटीतील जागा कागदावर लिहून ठेवली जाते. या नोंदीअभावी पुढे बिघडलेल्या डिस्कऐवजी चांगली डिस्क बाहेर काढली जाण्याचा धोका असतो.

३. जोडी बांधणे. प्रणालीतील ‘मिरर’ किंवा ‘रेड १’ हा पर्याय निवडला जातो. या वेळी दोन्ही डिस्कवरील जुनी विदा पुसली जाते. त्यामुळे तिची प्रत आधीच अन्यत्र काढलेली असावी लागते.

४. संचिका-प्रणाली व वाटप. जोडीवर संचिका-प्रणाली तयार करून सामायिक फोल्डर बनवले जातात आणि घरातील प्रत्येकासाठी वेगळे वापरनाव व सांकेतिक शब्द ठेवले जातात. देवनागरी नावांच्या संचिका युनिकोडमुळे विनाअडचण ठेवता येतात.

५. सूचना. डिस्क बिघडल्यास ईमेलवर किंवा मोबाइलवर संदेश येईल अशी व्यवस्था केली जाते. सूचना नसेल तर एक डिस्क महिनोन्‌महिने बंद पडलेली असूनही सर्व काही सुरळीत दिसते आणि दुसरी डिस्क बिघडेपर्यंत कोणाच्या ते लक्षात येत नाही.

६. तालीम. खरी विदा ठेवण्यापूर्वी सर्व्हर बंद करून एक डिस्क काढली जाते व उरलेल्या डिस्कवरून संचिका उघडतात का हे पाहिले जाते. त्यानंतर काढलेली डिस्क परत बसवून पुनर्बांधणी पूर्ण होऊ दिली जाते.

## बिघाड व पुनर्बांधणी

हार्ड डिस्क हे फिरत्या तबकड्यांचे यंत्र असून ते कधी ना कधी निकामी होते. २००७ साली बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी केलेल्या अभ्यासात, प्रत्यक्ष वापरातील डिस्कपैकी दरवर्षी साधारणपणे २ ते ४ टक्के बदलाव्या लागत असल्याचे आढळले. उत्पादकांच्या माहितीपत्रकांतील आकड्यांनुसार हे प्रमाण १ टक्क्याहून कमी असावयास हवे होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या गूगलच्या अभ्यासात असे दिसले की, डिस्कच्या पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर पुढील ६० दिवसांत ती निकामी होण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असते. निकामी झालेल्या बऱ्याच डिस्कनी मात्र आधी कोणतीच पूर्वसूचना दिलेली नव्हती. त्यामुळे डिस्कच्या आत्मपरीक्षण-अहवालात दोष दिसल्यास ती बदलणे इष्ट असते, परंतु अहवाल निर्दोष आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

एक डिस्क निकामी झाल्यावर जोडी ‘क्षीण’ अवस्थेत जाते. या अवस्थेत विदा उपलब्ध असते, पण तिची एकच प्रत उरलेली असते. नवी डिस्क बसवल्यावर उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर प्रत उतरवली जाते. सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट वेग धरल्यास ४ टेराबाइटची डिस्क भरण्यास सुमारे साडेसात तास लागतात. वापर चालू ठेवल्यास हा कालावधी बराच वाढतो. पुनर्बांधणी सुरू करण्यापूर्वी महत्त्वाच्या संचिकांची वेगळी प्रत काढणे सुरक्षित समजले जाते, कारण जुन्या डिस्कवर वाचनाचा सर्वाधिक ताण याच वेळी येतो.

## प्रतिबिंबन आणि बॅकअप यांतील भेद

प्रतिबिंबनात दोन्ही प्रती सदैव एकरूप ठेवल्या जातात. हेच त्याचे सामर्थ्य आहे आणि हीच त्याची मर्यादाही आहे. एखादी संचिका पुसली गेली की ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर आज्ञावलीने संचिका कुलूपबंद केल्या तर दोन्ही प्रती कुलूपबंद होतात. याउलट बॅकअप म्हणजे ठरावीक वेळी काढलेली आणि मूळ विदेपासून अलग ठेवलेली प्रत होय.

स्नॅपशॉट हा या दोहोंमधील टप्पा आहे. झेडएफएस व बीटीआरएफएस या प्रणाली ठरावीक वेळची संचिकांची स्थिती गोठवून ठेवू शकतात. त्यामुळे चुकीने पुसलेली संचिका परत मिळवता येते. तथापि स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असतो.

| धोका | प्रतिबिंबन | स्नॅपशॉट | घराबाहेरील प्रत |
|---|---|---|---|
| एक डिस्क निकामी होणे | तारते | तारत नाही | तारते |
| संचिका चुकीने पुसणे | तारत नाही | तारते | तारते |
| खंडणीखोर आज्ञावली | तारत नाही | बहुधा तारते | प्रत अलग ठेवली असल्यास तारते |
| विजेचा झटका | तारत नाही | तारत नाही | तारते |
| चोरी, आग, पूर | तारत नाही | तारत नाही | तारते |

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाशी जोडला जाणारा ३-२-१ नियम या संदर्भात नेहमी सांगितला जातो. विदेच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी १ प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, असा तो नियम आहे. या हिशेबात प्रतिबिंबित जोडी ही एकच प्रत धरली जाते.

## महाड व पोलादपूर परिसरातील उपयोजन

### भौगोलिक पार्श्वभूमी

सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते, पोलादपूर व महाड या गावांजवळून वाहते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. महाडजवळ तिला काळ व गांधारी या नद्यांचे पाणी मिळते. सुमारे १,३५० मीटर उंचीवर पडलेला पाऊस अल्प अंतरात खाली येतो. त्याच वेळी समुद्रास भरती असेल तर पाण्याचा निचरा मंदावतो आणि शहरात पाणी चढते.

जुलै २००५ मध्ये महाडला मोठा पूर आला. त्याच वेळी तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांत दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा महापूर आला. महाडमध्ये अनेक भागांतील तळमजले पाण्याखाली गेले आणि वीज व दूरध्वनी सेवा खंडित झाली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या.

अशा आपत्तीत प्राणरक्षणाच्या तुलनेत विदेचे स्थान अर्थातच गौण असते. परंतु पाणी ओसरल्यानंतर, किंवा माणूस गेल्यानंतर, मागे उरणारे छायाचित्र, आवाज व कागद यांचे मोल कुटुंबासाठी फार मोठे असते. ते आपत्तीच्या वेळी वाचवता येत नाहीत. त्यांची तजवीज आधीच व्हावी लागते.

### जोखमीचा ढोबळ हिशेब

प्रत्येक डिस्क वर्षाला ३ टक्के निकामी होते आणि बिघडलेली डिस्क बदलून जोडी पूर्ववत होण्यास ७ दिवस लागतात, असे गृहीत धरले, तर त्या सात दिवसांतच दुसरीही डिस्क जाण्याची शक्यता वर्षाला सुमारे २९ हजारांत एक एवढी अल्प येते. हा हिशेब दोन्ही डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात या गृहीतकावर उभा आहे. पूर हे गृहीतक मोडून टाकतो, कारण पाणी दोन्ही डिस्कना एकाच वेळी गाठते. महाडच्या सखल भागाने २००५ व २०२१ असे १६ वर्षांच्या अंतराने दोन मोठे पूर पाहिले आहेत. तेथील तळमजल्यावर ठेवलेल्या सर्व्हरसाठी पुराचा धोका दोन्ही डिस्क योगायोगाने एकदम बिघडण्याच्या धोक्यापेक्षा शेकडो पटींनी मोठा ठरतो. डोंगरउतारावरील वाड्यांत पाण्याची जागा दरड घेते, पण हिशेब तोच राहतो.

### जागा, वीज व दमट हवा

सखल भागात सर्व्हर वरच्या मजल्यावर, भिंतीतील उंच फडताळात ठेवणे हा पहिला उपाय होय. माळ्यावर, कौलांच्या अगदी खाली तो ठेवल्यास उन्हाळ्यातील उष्णता व पावसाळ्यातील गळती या दोहोंचा त्रास होतो. पेटीत हवा खेळती राहणे आवश्यक असते. बहुतेक हार्ड डिस्कना हवेचा दाब समान राखण्यासाठी गाळणी लावलेले सूक्ष्म छिद्र असते. पावसाळ्यातील दमट हवेत सर्व्हर दीर्घकाळ बंद ठेवल्यास त्याच्या थंड भागांवर बाष्प साकळू शकते. चालू सर्व्हर स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो.

वळवाच्या व परतीच्या पावसात कोकणात विजांचा कडकडाट असतो आणि वीजपुरवठा वारंवार खंडित होतो. लेखन चालू असताना वीज गेल्यास दोन डिस्कवरील मजकुरात तफावत राहू शकते. घरातील इन्व्हर्टर पुरवठा चालू ठेवतो, पण बॅटरी संपत आल्याचे सर्व्हरला कळवू शकत नाही. विदावाहक वायरने सर्व्हरला जोडता येणारा यूपीएस तसा इशारा देतो आणि सर्व्हर लेखन पुरे करून स्वतः बंद होतो. विजेचा झटका तांब्याच्या दूरध्वनी किंवा नेटवर्क तारेतूनही येऊ शकतो. काचतंतूची केबल वीजवाहक नसल्याने त्या मार्गाने हा धोका राहत नाही. गडगडाट सुरू होताच सर्व्हर रीतसर बंद करून प्लग काढून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

### खोऱ्याबाहेरील प्रत

महाडमधील विदेची प्रत पोलादपूरच्या नातेवाइकांकडे ठेवल्यास घरातील आग किंवा चोरीपासून संरक्षण मिळते. परंतु दोन्ही गावे एकाच सावित्रीच्या खोऱ्यात व एकाच महामार्गावर आहेत. अतिवृष्टीचा तडाखा दोहोंना एकाच वेळी बसू शकतो. म्हणून दुसरी प्रत खोऱ्याबाहेर असणे श्रेयस्कर ठरते.

कोकणातील अनेक कुटुंबांची एक शाखा मुंबई, ठाणे किंवा पुणे येथे नोकरीनिमित्त स्थायिक असते आणि शिमगा, मे महिन्याची सुटी व गणपती यांसाठी गावी येते. ही येजा प्रत बदलण्यासाठी उपयोगी पडते. दोन बाह्य डिस्क घेतल्या जातात. त्यांपैकी एक गावी सर्व्हरजवळ व दुसरी शहरात असते. प्रत्येक भेटीत अद्ययावत केलेली डिस्क शहरात जाते व तिथली जुनी परत येते. मे महिन्यातील फेरी सर्वांत महत्त्वाची असते, कारण मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ताजी प्रत खोऱ्याबाहेर पोहोचलेली असावी लागते. गणपतीच्या फेरीपर्यंत पावसाचा मुख्य जोर होऊन गेलेला असतो.

दूरस्थ क्लाउड सेवा हा दुसरा मार्ग आहे. त्यात प्रवास लागत नाही, परंतु पाठवण्याचा वेग मर्यादा घालतो. सेकंदाला १० मेगाबिट वेगाने १ टेराबाइट विदा पाठवण्यास अखंड सव्वानऊ दिवस लागतात. म्हणून पहिली संपूर्ण प्रत डिस्कवर काढून नंतरची अल्प भर इंटरनेटवरून पाठवणे सोयीचे पडते.

बाहेर जाणारी डिस्क सांकेतिक कुलूप लावून पाठवणे इष्ट असते. मात्र तो सांकेतिक शब्द एकाच व्यक्तीच्या स्मरणात असेल तर त्या व्यक्तीच्या पश्चात प्रत असूनही निरुपयोगी ठरते. तो लिहिलेले बंद पाकीट डिस्कपासून वेगळ्या जागी, विश्वासातील दुसऱ्या व्यक्तीकडे ठेवले जाते.

### कोणती विदा आधी जपावी

सर्व विदेचे मोल सारखे नसते. सातबारा उतारा, आधार किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र यांच्या प्रती शासकीय यंत्रणेकडून किंवा डिजिलॉकरमधून पुन्हा मिळवता येतात. चित्रपट व गाणीही पुन्हा मिळतात. पुन्हा न मिळणारी विदा वेगळीच असते. घरातील छायाचित्रे, वडीलधाऱ्यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे, ग्रामदैवताच्या पालखीच्या व जाखडी नृत्याच्या चित्रफिती, वंशावळी, जुन्या मोडी कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती ही तिची उदाहरणे होत. तिचा आकार सहसा मर्यादित असतो, म्हणून किमान एवढ्या विदेची तरी बाहेरील प्रत काढणे शक्य असते.

मराठी मजकुराबाबत आणखी एक दक्षता लागते. श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या आज्ञावलींच्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या संचिका डिस्कवर शाबूत असूनही तो फाँट नसलेल्या संगणकावर अगम्य चिन्हांच्या रूपात दिसतात. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ संचिकेबरोबर ठेवला जातो. स्मृतिचिन्हांप्रमाणे जपलेल्या छायाचित्रांच्या संचिकानामात व्यक्ती, गाव व वर्ष लिहिल्यास पुढील पिढीला ती ओळखता येतात.

### भिजलेल्या डिस्क

पुराच्या पाण्यात बुडालेल्या डिस्कमध्ये हवेच्या छिद्रातून गाळयुक्त पाणी शिरलेले असू शकते. अशी डिस्क चालू करून पाहिल्यास गाळाचे कण तबकडीवर ओरखडे काढतात आणि वाचण्याजोगी विदाही नष्ट होते. ती उन्हात, हेअर ड्रायरने किंवा तांदळात ठेवून वाळवणेही हानिकारक असते, कारण वाळलेला गाळ तबकडीला चिकटतो. डिस्क न उघडता, ओलसर स्थितीतच हवाबंद पिशवीत घालून विदा-पुनर्प्राप्ती करणाऱ्या प्रयोगशाळेकडे लवकर पाठवली जाते. जोडीतील दोन्ही डिस्क अनुक्रमांकासह पाठवल्या जातात, कारण एकीवर न वाचता येणारा भाग दुसरीवर वाचता येऊ शकतो. ही प्रक्रिया खर्चिक असून तिच्या यशाची खात्री नसते.

## नियतकालिक देखभाल

- महिन्यातून एकदा दोन्ही डिस्कवरील संपूर्ण विदा वाचून पडताळून पाहिली जाते. बहुतेक प्रणाली हे काम ठरलेल्या दिवशी आपोआप करतात.
- डिस्कचे आत्मपरीक्षण-अहवाल व तापमान पाहिले जाते.
- यूपीएसची बॅटरी मे महिन्यात तपासली जाते.
- बाहेरील प्रतीतून वर्षातून किमान एकदा काही संचिका प्रत्यक्ष परत उतरवून उघडून पाहिल्या जातात. उघडून न पाहिलेली प्रत खात्रीची धरली जात नाही.
- डिस्कचे अनुक्रमांक, सर्व्हरचा पत्ता, बाहेरील प्रतीचे ठिकाण व ती काढल्याची तारीख यांची कागदी नोंद घरातील किमान दोन व्यक्तींना ठाऊक असते.

## हेही पहा

- रेड
- बॅकअप
- हार्ड डिस्क
- युनिकोड
- सावित्री नदी
- महाड
- पोलादपूर